डोंगरातल्या माणसांनी हवामानबदलावर भांडावं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिर्यारोहण गटात चाळीसेक माणसं. मोहिमेहून परतताना हवामानबदलावरून वाद पेटला. ज्यांनी निम्म्या लोकांना दोराच्या गाठी शिकवल्या ते एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “हवामान नेहमीच बदलत आलंय.” तरुण मुलांनी त्यांना अडाणी ठरवलं, आणि ते ज्येष्ठ गट सोडून गेले. उरलेल्यांत काहींचं म्हणणं, आपण कचरा उचलून आणतो तेवढं पुरे, राजकारण नको. काहींचं म्हणणं, विमानाने डोंगरात जाणाऱ्यांना यावर बोलायचा अधिकारच काय? तर हा विषय गटात काढावा का, आणि काढलाच तर कसा?

काढावा. पण एका वेळी एकच भांडण काढावं. तुमच्या गटात त्या दिवशी निदान चार भांडणं एकाच वेळी चालली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरचा आपल्याच मुद्द्यावर बोलतोय. पृथ्वी तापतेय का? तापत असेल तर कोणामुळे? त्यापायी आपण डोंगरात जाणं बदलायचं का? आणि निसर्ग जपणं म्हणजे नेमकं काय? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं आहेत, जशी एखाद्या खिंडीला उंची असते. ती मतदानाने ठरत नाही, मोजून ठरते. शेवटचे दोन प्रश्न कोणाला कशाची किंमत वाटते याचे आहेत आणि तिथे कितीही आकडे फेकले तरी कोणी हरत नाही. माझी जवळजवळ तीस वर्षं लोकांना डोंगरात नेण्यात गेली. या विषयावरच्या भांडणांत मी मिटवलेल्यांपेक्षा पेटवलेली जास्त, म्हणून अनुभवाने सांगतो.

आधी माझीच एक फजिती. एका हिवाळ्यात नेहमीच्या तळावर बर्फच नव्हतं. गवत उघडं पडलेलं, ओढा वाहता. रात्री शेकोटीभोवती मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं, “बघा, हाच हवामानबदल!” पुढच्या वर्षी त्याच जागी कमरेएवढ्या बर्फात आम्ही तंबूसाठी दोन तास फावडं मारलं आणि सगळा गट दर दहा मिनिटांनी मला विचारत होता, “सर, हवामान परत बदललं का?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका वर्षाचं ते हवापाणी. हवामान म्हणायचं तर जागतिक हवामान संघटना ३० वर्षांची सरासरी धरते. डोंगरात हिंडणारे लोक चांगले साक्षीदार असतात, पण जे ठळक दिसलं तेच आपल्या लक्षात राहतं. बर्फ नसलेला हिवाळा दहा वर्षं आठवतो, नेहमीसारखे नऊ कोणालाच आठवत नाहीत.

म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं असेल तर त्याला खुणेची जोड हवी. हिमालयातल्या एका हिमनदीच्या तोंडाशी मी पूर्वी एका धोंड्यापाशी उभा राहिलो होतो. कोणीतरी त्यावर लाल रंगात वर्ष लिहून बाण काढला होता, आणि हात लांब केला की बर्फाच्या भिंतीला लागत होता. बऱ्याच वर्षांनी पुन्हा गेलो. रंग उडालेला, पण बाण ओळखू येत होता. तिथून बर्फापर्यंत पावलं मोजत निघालो. तीनशेच्या पुढे मोजणं सोडलं, कारण मधे मातकट पाण्याचं तळं आडवं आलं. ते बर्फ किती वर्षांत, कशामुळे मागे गेलं याचं पूर्ण उत्तर तो धोंडा देत नाही. पण “मला वाटतं बर्फ कमी झालंय” आणि “या बाणापासून इतकी पावलं” यांत वाद घालणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

असं मोजलेलं काम गिर्यारोहकांच्या जगात भरपूर पडलंय. गास्ताँ रेब्युफा या फ्रेंच गाइडने १९७३ साली आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या परिसरातल्या शंभर निवडक चढाईमार्गांचं पुस्तक काढलं. पुढे संशोधकांनी त्यातले ९५ मार्ग तपासले. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की ९३ मार्गांवर वितळणाऱ्या बर्फाचा आणि सुटणाऱ्या खडकांचा परिणाम झालेला आहे आणि तीन मार्ग उरलेलेच नाहीत. त्याच भागात मेर द ग्लास या हिमनदीवर उतरायला पायऱ्या बांधल्या. बर्फ खाली गेलं तशा त्या वाढवत वाढवत पाचशेच्या पुढे गेल्या आणि अमुक साली बर्फ इथवर होतं अशा पाट्या वाटेवर लागल्या. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या मिळतात. २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर कधी नव्हता. त्या तारखा लिहून ठेवणाऱ्यांच्या मनात हवामानबदल नव्हता. त्यांना फुलं बघायची होती. मला या पुराव्याचा भरवसा जास्त वाटतो तो याच कारणासाठी.

आता तुमच्या ज्येष्ठांचं वाक्य. “हवामान नेहमीच बदलत आलंय” हे शंभर टक्के खरं आहे, आणि तुमच्या मुलांची पहिली चूक ही की त्यांनी ते नाकारलं. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांच्या लयीत हलतात, त्यातून हिमयुगं आली-गेली. आपण ज्या दऱ्यांतून चालतो त्यांतल्या कित्येक हिमनद्यांनीच कोरल्या. ज्येष्ठांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या खेपेला तीच कारणं आहेत का? कक्षेच्या आणि आसाच्या लयी वीस हजार ते एक लाख वर्षांच्या हिशेबात चालतात, इथे दीडशे वर्षांची गोष्ट चालू आहे. सूर्याचं तेज उपग्रहांवरून १९७८ पासून मोजलं जातं. त्यात अकरा वर्षांचे चढउतार आहेत, पण तापमानाच्या जोडीने चढत गेलेली रेघ नाही. ज्वालामुखींचं नाव हटकून निघतं. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने जाळलेल्या इंधनाच्या एक टक्काही भरत नाही.

उलट बाजूचा पुरावा गिर्यारोहकाला समजावणं फार सोपं आहे. चांगलं पिसं भरलेलं डाउन जॅकेट घालून कडाक्याच्या थंडीत उभे राहा. आत ऊब, आणि बाहेरच्या कापडावर हिमकण साचतात, कारण आतली उष्णता कापडापर्यंत पोचतच नाही. वातावरणाचं तसंच झालंय. खालचा थर तापतोय आणि त्याच काळात वरचा स्ट्रॅटोस्फिअर थंड होतोय. सूर्य जास्त तापला असता तर दोन्ही थर तापायला हवे होते. (वरच्या थराच्या थंड होण्यात ओझोन घटल्याचाही वाटा आहे. कोणी हा मुद्दा काढला तर मान्य करा, उडवून लावू नका.) दुसरं म्हणजे कोळसा आणि तेलातल्या कार्बनला जन्मखूण असते. ते प्राचीन वनस्पतींचे अवशेष, आणि वनस्पती हलका कार्बन जास्त घेतात. शिवाय कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिल्याने त्यातला किरणोत्सारी कार्बन संपलेला असतो. हवेत आज वाढतोय तो नेमका हाच, हलका आणि म्हातारा कार्बन. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५च्या आसपास भाग होते. २०२४ची सरासरी ४२४च्या पुढे गेली. औद्योगिक क्रांतीआधी हा आकडा २८०च्या जवळ होता, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत आठ लाख वर्षं मागे गेलं तरी तो ३००च्या फारसा वर सापडत नाही.

एक तयारी मात्र करून जा. कोणीतरी २०३५ हा आकडा काढणारच. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या २००७च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता असल्याचं छापलं होतं. ते चूक होतं आणि २०१०च्या जानेवारीत समितीने तशी कबुली दिली. हे तुम्हीच आधी सांगून टाका. मग त्याच दमात सांगता येतं की हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने बर्फ गमावलं, असं आयसीमॉड या काठमांडूच्या संस्थेचा २०२३चा अहवाल म्हणतो. चूक लपवणाऱ्याचा पुढचा आकडा कोणी ऐकत नाही.

“राजकारण नको” म्हणणाऱ्यांशी तर मी हवामानबदल हा शब्दच वापरत नाही. त्यांच्याशी निघायच्या वेळेवर बोलतो. उंचावरच्या कड्यांच्या भेगांत कायमचं गोठलेलं बर्फ सिमेंटचं काम करतं. ते सैल झालं की दगड सुटतात. २००३च्या युरोपीय उष्णतेच्या लाटेत आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या नेहमीच्या धारेवर कडा कोसळला आणि गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. २००५ साली माँ ब्लाँ परिसरातल्या पती द्रू शिखराचा बोनात्ती स्तंभ, चढाईच्या इतिहासातली एक मानाची भिंत, कोसळून गेला. ३ जुलै २०२२ला इटलीतल्या मार्मोलाडा हिमनदीचा तुकडा सुटून ११ जण गेले. आदल्या दिवशी शिखरावर १० अंशांच्या आसपास तापमान होतं. आता यावर गटात बोलायचं ते असं: आपली पहाटे चारची सुरुवात अजून पुरेशी आहे का? जुन्या मार्गवर्णनात “बर्फाचा उतार” लिहिलंय तिथे सुटे दगड असतील तर काय? दुपारी ओढा ओलांडायचा बेत बदलायचा का? ऑक्टोबर २०२३मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमतळं फुटून तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. आपला तळ अशा तळ्याच्या खालच्या अंगाला आहे का? कोणत्याही विचाराच्या माणसाला या प्रश्नांची उत्तरं हवीच असतात. एक पथ्य पाळा, प्रत्येक दरड हवामानबदलाच्या खात्यावर टाकू नका. डोंगर पूर्वीही कोसळत होते. कड्यांचे धोके वाढलेत इतकं म्हणणं पुरेसं आणि खरं आहे.

आता अधिकाराचा मुद्दा, कारण खरी आग तिथे होती. विमानाने जाणारा बोलला तर ढोंगी, असं म्हटलं की बोलायला फक्त घरात बसलेले उरतात. पण या टोमण्यात तथ्य आहे आणि ते मोजून बघावं. मी गटाला एकदा गणित घातलं. डिझेलचा एक लिटर जळला की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. जाऊन-येऊन ४०० किलोमीटर, गाडी लिटरला १२ देणारी, म्हणजे ३३ लिटर, ९० किलोच्या आसपास. आता आपण अभिमानाने उचलून आणतो ती पाण्याची रिकामी बाटली. वीसेक ग्रॅम प्लास्टिक, ते बनवताना सुमारे ६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. एका गाडीची एक फेरी बरोबर दीड हजार बाटल्या! हिशेब संपल्यावर शांतता पसरली. मग एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आम्ही पोतं भरून कचरा आणला तो फुकटच?”

फुकट नाही. पण वह्या दोन आहेत, आणि आपण एका वहीतली जमा दुसऱ्या वहीत मांडत होतो. बाटली उचलली म्हणजे ओढा, माती, गुरं, रानातले प्राणी यांची वही सुधारली. हवेच्या वहीत जवळजवळ काहीच झालं नाही. हवेच्या वहीत आपल्या छंदातली सगळ्यात मोठी रक्कम डोंगरावर पडतच नाही, ती डोंगरापर्यंत पोचण्यात पडते. त्या गाडीत एकट्याऐवजी सहा जण बसले तर माणशी १५ किलो. लांब पल्ल्याच्या परतीच्या विमानप्रवासात माणशी दीड-दोन टन जातात, आणि जगातल्या माणसाची सगळी वर्षभराची सरासरी पाच टनांच्या आतबाहेर आहे. मी स्वतः दरवर्षी दोन छोट्या परदेशी मोहिमा करायचो, त्याऐवजी तीन वर्षांतून एक लांब करतो. ही माझी निवड. गटाचा नियम करायला मी कधी सांगितलं नाही, कारण नियम केला की माणसं हिशेब लपवायला लागतात.

दुसरी टोकाची भूमिकाही मला पटत नाही, की सगळा दोष माणसामाणसाच्या वागण्याचा. प्रत्येकाने आपली ‘कार्बन पावलं’ मोजावीत ही कल्पना घराघरांत नेण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. ही पावलं मोजायचं त्यांचं ऑनलाइन हिशेबयंत्र २००४चं. वीज कशापासून बनते, रेल्वे कुठवर जाते, हे तुमच्या गटाच्या हातात नाही. पण डोंगराच्या पायथ्यापर्यंत बस सुरू व्हावी म्हणून अर्ज करणं हातात आहे. पन्नास गाड्यांची जागा एका बसने घेतली तर आयुष्यभर बाटल्या उचलून होणार नाही एवढं काम होतं. अमेरिकन स्नोबोर्डपटू जेरेमी जोन्स यांनी २००७ साली हिवाळा वाचवण्यासाठी संघटना काढली तेव्हा त्यांनाही ढोंगी म्हणून झालं. त्यांनी आपल्या मोहिमांत हेलिकॉप्टर सोडून पायी चढायला सुरुवात केली आणि धोरणांसाठी खटपटही चालू ठेवली. दोन्ही.

निसर्ग जपण्याच्या वहीतही आपल्या चुका असतात, आणि त्या बहुतेक चांगल्या हेतूने झालेल्या. आम्ही एकदा एका उघड्या गवताळ पठारावर तीनशे रोपं लावली. फोटो झाले, भाषणं झाली. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली बहुतेक वाळलेली. जगलेल्या रोपांभोवती आम्ही केलेले खड्डे, उकरलेली माती आणि आमच्याच बुटांनी मळलेली नवी पायवाट मात्र पक्की झाली होती. तिथल्या एका गुराख्याने विचारलं, “इथे झाड कधी होतं?” नव्हतंच. गवताळ माळ म्हणजे झाडं हरवलेलं रान नव्हे. ते स्वतःच एक घर असतं, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं, कीटकांचं. आता आम्ही रोपं लावत नाही. वळणावळणाच्या वाटेला जे थेट चढणारे शॉर्टकट पडतात ते दगड आणि काटक्या टाकून बंद करतो, कारण पावसाचं पाणी त्याच रेषेने माती घेऊन उतरतं. आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाताना बूट घासून धुतो. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांची मुळं मारणारी बुरशीसारखी कीड बुटांच्या चिखलातून पसरते, म्हणून जंगलाच्या तोंडाशी बूट धुवायची सोय केलेली असते. ब्रशचं काम आहे, त्यावर अजून कोणी आमच्याशी भांडलेलं नाही.

सगळ्यात अवघड भांडण मात्र दोन्ही वह्या एकमेकींना भिडतात तिथे होतं, आणि ते तुमच्या गटात अजून आलेलं दिसत नाही. येईल. डोंगरधारेवर पवनचक्क्या हव्यात की नकोत? माळढोकाचं उदाहरण घ्या. जगात थोडेच उरलेत, आणि ते जिथे टिकून आहेत त्या राजस्थान-गुजरातच्या माळांवर सौर आणि पवन ऊर्जेच्या विजेच्या तारा आल्या. जड अंगाचा, समोरचं कमी दिसणारा पक्षी, तारेवर आपटून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च २०२४मध्ये तोच आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानला. नॉर्वेत फोसेनच्या पवनचक्क्या तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडिअर चराईवर आल्या, आणि २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे परवाने अवैध ठरवले. या वादात पक्षी बघणारा आणि हवामानाची काळजी करणारा दोघेही निसर्गाच्याच बाजूचे असतात. माझं मत विचाराल तर प्रकल्प हवेत, पण आधीच मोडलेल्या जमिनींवर आधी. मोकळ्या धारा आणि माळ शेवटी. हे मत चूक असू शकतं. पण यावरचं भांडण कधीही चांगलं, कारण इथे दोघांनाही काहीतरी सोडावं लागतं.

चर्चा कुठे करायची यावर एकच सांगतो: चढणीवर, दोरावर आणि परतीच्या गाडीत नको. परतीच्या गाडीत सगळे दमलेले, भुकेलेले, आणि उतरून जाता येत नाही. तुमचं भांडण तिथेच झालं ना? बैठकीत बसा, एक प्रश्न घ्या, आणि सुरुवातीला प्रत्येकाला विचारा, “काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?” ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. तरुण मुलांनाही विचारा. माझ्या अनुभवात तीच जास्त अडखळतात.

आणि ते गट सोडून गेलेले ज्येष्ठ. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की ते प्रत्येक मोहिमेची डायरी ठेवतात, पस्तीस वर्षं. तारीख, तळाची उंची, पहाटेचं तापमान, बर्फ कुठून लागलं, ओढ्याला पाणी किती, कोणतं फूल दिसलं. तुमच्या गटात हवामानबदलावर सगळ्यात मोलाचा कागद त्या माणसाकडे आहे आणि त्याला तुम्ही अडाणी म्हणालात. फोन करा. माफी मागा, पण वाद उकरू नका. त्या वह्या घेऊन या, त्याच ठिकाणी त्याच महिन्यात पुन्हा जाऊ आणि नोंदी शेजारी-शेजारी मांडू, एवढंच म्हणा. थर्मामीटर त्यांच्याच हातात द्या. आकडे त्यांच्या बाजूने निघाले तर तेही लिहून ठेवायचं, आणि हे फोनवरच सांगून टाका.